वखारीच्या दारावरचा हात

माझ्या नोकरीची सगळी वर्षं मी एका चौकोनी पेटीकडे बघण्यात घालवली, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला माझी कीव येते. पेटी बंद. तिची एक भिंत गरम, समोरची गार, आत नुसती हवा. ना पंखा, ना पंप. तरी ती हवा स्वस्थ बसत नाही. गरम भिंतीपाशी चढते, गार भिंतीपाशी उतरते आणि फिरत राहते. ती कशी फिरते, किती उष्णता इकडून तिकडे नेते आणि नेता नेता कायमचं काय गमावून बसते, एवढंच मी मोजत आले. निवृत्तीच्या समारंभात एका विद्यार्थ्याने भाषण करताना म्हटलं, "मॅडमना त्या रिकाम्या पेटीत एवढं काय दिसलं, हे आम्हाला चार वर्षांत कळलं नाही." सगळे हसले, मीही हसले. घरी येताना मात्र वाटलं, त्याला सांगायला हवं होतं. माझी पेटी कधीच रिकामी नव्हती. ती केळ्यांनी भरलेली होती.

चोपड्याला आमचं घर गावाच्या कडेला होतं आणि घरापासून हाकेच्या अंतरावर शेठची वखार. वखार म्हणजे केळी पिकवायची खोली. जाड भिंतींची, बुटक्या छताची, एकही खिडकी नसलेली. शेतातून कच्चे हिरवे घड यायचे, ते आत एकावर एक रचायचे, विस्तव आणि धुरी ठेवायची, दार लावून फटी शेणमातीने लिंपून टाकायच्या. दोन दिवसांनी दार फोडायचं, वारा लागू द्यायचा, की पुढच्या दोन दिवसांत सगळा माल पिवळा. तिथून तो ट्रकने सोनगीरवरून धुळ्याच्या बाजारात जायचा. शेठ वखारीचा मालक होता. पण वखार लावायचे माझे वडील, आबा. केळी पिकवणं हे त्यांचं काम आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, असं लोक म्हणत. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्याची मला भारी ऐट होती.

आबांचं हत्यार एकच, उजवा तळहात. वखार बंद झाली की ते दर दोन-तीन तासांनी जायचे आणि सागवानी दारावर तळहात टेकवून उभे राहायचे. डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "आजून सा तास," किंवा, "बस, फोड आते." कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणत, "दारले इचार, ते सांगस बठ्ठं." घरातही हाच कारभार. मला किंवा मायला ताप आला की आबा कपाळावर तळहात ठेवणार आणि थर्मामीटर असल्यासारखं निदान सांगणार. माय म्हणायची, "मी काय केळं शे का?" पण तीही कपाळ पुढे करायचीच.

आबा उंच होते, सहा फुटांच्या वर. वखारीच्या छताला त्यांचं डोकं लागायला चार बोटं उरायची. ही गोष्ट आता मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे ती कामाला येणार आहे.

मी जळगावला बारावी सायन्सला होते, त्या हिवाळ्यातली ही हकिगत. सुट्टीला आणि सणावाराला घरी यायची. चोपड्याचा हिवाळा म्हणजे सातपुड्याकडून उतरणारी कोरडी थंडी, आणि आमच्याकडे थंडी म्हणजे भरीत. माय अंगणात कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवून त्यात हिरवी लांब वांगी भाजायची. वांग्यांची सालं फुटून चुर्र आवाज येऊ लागला की आम्ही समजायचो, आता हात धुवायला हरकत नाही. कांद्याची पात, शेंगदाणे, मिरच्या लाकडी बडगीत ठेचून त्यात भरीत घोटायचं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आबा पहिला घास खाऊन काही बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. त्यांच्या मान हलवण्याची मायला पर्वा नाही असं ती दाखवायची, पण मान हलेपर्यंत स्वतः घास घ्यायची नाही.

त्या हिवाळ्यात मात्र आबांची मान हलेनाशी झाली. ताटावर बसायचे आणि भाकरीचे तुकडे करत राहायचे. मायने सांगितलं, वखारीतले एकामागून एक दोन माल बिघडले. वरचे घड उकडल्यासारखे मऊ, काळे डाग पडलेले, आणि खालचे घड जसे आत गेले तसे बाहेर आले, हिरवे, कडक. आबांनी दुसऱ्या खेपेला विस्तव वाढवला तर वरची केळी सालीतून गळायला लागली आणि खालची तरी हिरवीच. धुळ्याचे व्यापारी माल परत पाठवू लागले. गंमत म्हणजे आबांचा हात दारावर दर वेळी सांगायचा, "झालं, सगळं बरोबर आहे."

तिसरा माल लावायच्या दिवशी मी घरी होते. मायने डबा दिला तो घेऊन मी वखारीवर गेले. दगडूभाऊ, म्हणजे घड रचणारे हमाल, बाहेर तंबाखू मळत बसले होते. आबा आत होते, म्हणून मी सरळ आत गेले, डबा दिला, आणि जरा इकडेतिकडे बघत उभी राहिले. कच्च्या केळ्यांचा चिकाचा वास, वाळलेल्या पानांची सळसळ, आणि समोरच्या भिंतीवर उंच, अगदी छताजवळ, पत्र्याची एक फळी. त्या फळीवर शेगडी. मी विचारलं तर आबांनी बाही वर सारून हात दाखवला. उन्हाळ्याच्या तोंडाशी जमिनीवरच्या शेगडीतून ठिणगी उडून पानांनी पेट घेतला होता, तो विझवताना कोपरापर्यंत भाजलं होतं. तेव्हापासून विस्तव वर, पानांच्या आवाक्याबाहेर. "आते भेव नही," ते म्हणाले. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

बाहेर पडताना दारात शेठ उभे. त्यांनी मला पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोलले ते तिसरा माल बिघडल्यावर. मी तेव्हा आबांच्या मागेच उभी होते.

"भाऊ, त्या दिवशी पोरगी आत गेली होती ना? लावलेल्या वखारीत बाईमाणूस चालत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं का?"

आम्ही दर पौर्णिमेला विहारात जाणारी माणसं, असल्या शिवाशिवीवर आबा घरी तासभर बोलू शकत. त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. शेठ पुढे म्हणाले, "मी वाईट माणूस नाही. पण तुमचा हात गेला आता. शिवरात्रीचा माल शेवटचा. तो एकसारखा उतरला तर ठीक, नाहीतर मी पुड्या टाकणार. पुड्या टाकायला कुणीही चालतो."

पुड्या म्हणजे कार्बाइडच्या. कागदात बांधून घडांमध्ये ठेवल्या की केळं एका रात्रीत पिवळं, आतून कच्चं. आबा त्या पुडीचं नावही घ्यायचे नाहीत. घरी येताना मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला रडू येत होतं ते शेठच्या बोलण्याचं नव्हे. आबा का बोलले नाहीत, याचं. मला वाटलं, त्यांनाही मनातून ते खरं वाटतंय. ही गोष्ट मला शिवरात्रीच्या मालापर्यंत बोचत राहिली.

मायला कळलं तेव्हा तिने पोळपाट बाजूला सारला. "हिना पाय पडना नि केळं काळं पडनं? व्वा रे शेठ! मी जनमभर चुलीम्होरे बसनू, मना हातनं काय काळं पडनं सांगा." आबा म्हणाले, "तो म्हने, मी नही म्हनत." पण आवाजात जोर नव्हता. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. तो उंच माणूस तसा बसलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मी चुलीपाशी मायजवळ जाऊन बसले. थंडी म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, पऱ्हाट्या ओल्या, धूर झालेला. मी नेहमीच्या जागी, पाण्याच्या माठाच्या बाजूला बसले तर माय म्हणाली, "तठे नको बसू, डोळा चुरचुरतीन." मी म्हटलं, चूल तर तिकडे आहे, धूर इकडे कसा येईल? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की एवढं शिकवून काय उपयोग.

"धूर वर जास, ते कोनले बी माहीत शे. मंग तो तठेच ऱ्हास का? माठनी भिंत गार शे. तो तठून खाले उतरस नि डोळामा येस. म्हनीसन मी आठे बसस."

मी वर पाहिलं. खरंच, धूर चुलीवरून चढत होता, आढ्याखाली पसरत होता, आणि माठामागच्या ओल्या भिंतीलगत हळूच खाली येत होता. तिथून जमिनीवरून सरपटत परत चुलीकडे. नववीच्या पुस्तकात 'अभिसरण' म्हणून एक आकृती होती, चंचुपात्रातल्या पाण्यात बाण काढलेले. मी ती परीक्षेत दोनदा काढून मार्क मिळवले होते. पण ते बाण आमच्या स्वयंपाकघरात फिरताहेत आणि मायला त्यांचा रस्ता तोंडपाठ आहे, हे मला त्या क्षणी कळलं. पुढे मला कुणी विचारलं की तुमचे गुरू कोण, तर मी परदेशातल्या एका प्राध्यापकांचं नाव सांगायची. खरं उत्तर सांगायला मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

मग माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते थांबेना. धूर खाली उतरतो तो गार भिंतीमुळे, आणि चढतो तो चूल खाली आहे म्हणून. चूल वरच असती तर? दुसऱ्या दिवशी मी फळांचं एक लाकडी खोकं घेतलं, आडवं ठेवलं, आणि पुढच्या उघड्या बाजूला घरातल्या दोन तसबिरींच्या काचा काढून लावल्या. तसबिरी आजोबांच्या आणि मामांच्या होत्या. मायने कपाळावर हात मारला पण मला अडवलं नाही. फटी कणकेने बंद केल्या. एका बाजूच्या फळीवर बाहेरून ओलं फडकं, ती गार भिंत. विहारासाठी आणलेल्या अगरबत्तीच्या पुड्यातल्या चार काड्या आणि एका डबीच्या झाकणात गोवरीचे दोन निखारे, ही शेगडी. आत घडांच्या जागी रिकाम्या काडेपेट्या रचल्या. गल्लीतल्या सगळ्या काडेपेट्या गोळा करून मी गल्लीभर हसं करून घेतलं.

पहिल्यांदा शेगडी आबांच्या फळीसारखी वर ठेवली, अगरबत्ती तिच्या शेजारी. धूर छताखाली गेला आणि तिथेच राहिला. जाड, सपाट, गोधडी पसरल्यासारखा. खालची निम्मी पेटी स्वच्छ, काचेतून पलीकडच्या काडेपेटीवरची अक्षरं वाचता येत होती. मी निखारे वाढवले. गोधडी जाड झाली नाही, नुसती तापली. वरच्या काडेपेटीच्या कागदाला सुरकुत्या पडल्या. मग शेगडी खाली ठेवली. धूर चढला, वरून सरकला, ओल्या फडक्याच्या बाजूपर्यंत गेला आणि थांबला. मी काचेला नाक लावून बसले होते. धूर खाली येत नव्हता. मला इतका राग आला की मी खोकं हलवलं, आणि त्या हलवण्याने कडेच्या काडेपेट्यांची थप्पी कोसळली. भिंतीलगत बोटभर वाट झाली. त्या वाटेने धूर खाली उतरला, काडेपेट्यांखालून सरपटला आणि परत निखाऱ्याकडे निघाला.

"काय शे हाई?"

आबा मागे उभे होते, केव्हापासून कोण जाणे. मी म्हटलं, "तुमनी वखार शे, आबा."

"आनि ह्या काडेपेट्या?"

"घड."

ते उकिडवे बसले. एवढा उंच माणूस खोक्यापुढे दुमडून बसला. मी त्यांना पुन्हा सगळं दाखवलं, आधी वरची शेगडी, मग खालची, मग भिंतीची वाट बंद आणि मग उघडी. ते बघत राहिले. उन्हाळ्यात नुसत्या हवेनेच माल पिकायचा, विस्तव नावालाच असायचा, म्हणून फळीचा दोष तेव्हा दिसला नाही. थंडी पडली आणि विस्तवावर भिस्त आली तेव्हा तो उघडा पडला. हे मी सांगायच्या आधी त्यांनीच स्वतःशी पुटपुटून सांगितलं. शेवटी म्हणाले, "मंग मना हात?"

त्यांना हेच विचारायचं होतं. केळी, शेठ, पुड्या यातलं काही नाही. मी त्यांना उठवलं आणि वखारीवर घेऊन गेले. तिसऱ्या मालाचे हिरवे राहिलेले घड पुन्हा आत बंद केले होते, फळीवरचा विस्तव धुमसत होता. त्यांनी सवयीने दारावर तळहात टेकवला, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे माझ्या कपाळाच्याही वर. "ऊन शे," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून खाली आणला, माझ्या गुडघ्यापर्यंत. ते वाकले. दार तिथे विहिरीच्या दगडाइतकं गार होतं.

"हात चुकना नही, आबा," मी म्हटलं. "हात एकच जागावर लागना."

ते वाकलेल्या अवस्थेतच राहिले. मला वाटलं, त्यांना कमरेचा त्रास होतोय. मग बघितलं तर डोळे भरून आले होते. मला आबांना रडताना बघायची सवय नव्हती, म्हणून मी मूर्खासारखी दाराच्या कड्या मोजत उभी राहिले.

शिवरात्रीचा माल आम्ही दोघांनी लावला. विस्तव खाली आणायचा तर ठिणगीचं काय, हे माझ्या पुस्तकात नव्हतं. ते आबांनी सोडवलं. अंगणात तळ फुटलेला एक मोठा रांजण पडलेला होता. तो शेगडीवर पालथा घातला, तळाच्या भोकावर जाळी आणि अंगाला हवेपुरती चार भोकं. ठिणगी आत, ऊब बाहेर. शेगडी एका कोपऱ्यात, घड जमिनीवर न ठेवता पऱ्हाट्यांच्या जुड्यांवर, आणि चारही भिंतींपासून वीतभर वाट सोडलेली. दगडूभाऊ घड रचताना कुरकुरत होते. त्यांचा आयुष्यभराचा अभिमान म्हणजे भिंतीला घट्ट, बोट शिरणार नाही अशी थप्पी. "भिंतीले वाट कशाले? भिंत काय चालस का?" आबा म्हणाले, "भिंत नही चालत. वारा चालस." आणि सगळ्यांसमोर मला हाक मारली, "सुजी, मझार ये. कुठे कमी पडस ते सांग." मी दारात थबकले. दगडूभाऊंनी तोंड फिरवलं. आबा आतून पुन्हा म्हणाले, "ये ना व." मी आत गेले आणि मागच्या भिंतीशी चिकटलेले दोन घड सरकवायला लावले. खरं म्हणजे ते राहिले असते तरी चाललं असतं. पण मला आत काहीतरी करायचं होतं.

दोन दिवस मी जेवले की नाही मला आठवत नाही. आबा दारावर जायचे तेव्हा मीही जायची. आता त्यांची पद्धत बदलली होती. आधी वर हात, मग मधे, मग उकिडवं बसून खाली. उठताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "खाले देख," आणि मी माझा हात लावायची. पहिल्या दिवशी खाली गारच लागलं. माझ्या खोक्यात काडेपेट्या रिकाम्या होत्या, इथे थंड केळ्यांचा ढीग होता, त्याला तापायला वेळ लागणार हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली कोमट. संध्याकाळी आबा खाली हात टेकवून बराच वेळ बसले, मग वर, मग पुन्हा खाली. "बस," ते म्हणाले. "सकाळी फोडू."

दार फोडलं, धूर जाऊ दिला, माल वाऱ्यावर ठेवला. दोन दिवसांनी ट्रक लागला तेव्हा शेठ स्वतः आले. त्यांनी वरचा घड काढायला लावला, मग मधला, मग जमिनीजवळचा. तिन्ही ओट्यावर शेजारी ठेवले. वरचा जरासा पुढे होता, खालचा जरासा मागे, पण तिन्ही पिवळे. शेठनी खालच्या घडातलं एक केळं सोललं, खाल्लं, आणि दुसरं सोललं. शेठ उपाशी असावेत असं दगडूभाऊ नंतर म्हणाले.

"भाऊ, हात परत आला तुमचा," शेठ म्हणाले.

आबांनी मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. त्यांना बोलायच्या आधी वेळ हवा असला की ते असं करत. "शेठ, हाई वखार मी नही लायी," ते म्हणाले. "मनी पोरनी लायी. लायतांना ती मझार व्हती."

शेठच्या हातात केळ्याचं साल होतं. ते त्यांनी कुठे टाकावं यावर बराच विचार केला. ट्रक निघाला तेव्हा त्यांनी मला एक फणी दिली आणि म्हणाले, "पुढच्या मालाला थप्पी एवढी सैल नको, घड कमी बसतात." आबा म्हणाले, "थप्पी अशीच ऱ्हाई." आणि ती तशीच राहिली. कार्बाइडची पुडी त्या वखारीत आबा होते तोवर आली नाही.

परतताना वाटेत मी विचारलं, तेव्हा शेठपुढे गप्प का बसलात. ते चालता चालता म्हणाले, "तुना पायवर मनं मन नही उठनं, सुजी. मना हातवरथीन मन उठेल व्हतं. ज्याले स्वतःवर भरोसा नही, तो दुसराना काय सांगी?" एवढंच. पुढच्या वर्षी मी धुळ्याला इंजिनिअरिंगला गेले. पोचवायला आबा आले होते, एका हातात माझी ट्रंक, दुसऱ्यात ते खोकं. काचा मात्र मायने परत तसबिरींना लावून टाकल्या होत्या.

धुळ्यात आणि नंतर जिथे जिथे गेले तिथे मी त्या वखारीचीच गणितं केली. विस्तव खाली, बाजूला, वर. अडथळे भिंतीलगत, मधोमध. तेव्हा कळलं की आबांचा वरचा घड खालच्यापेक्षा जरासा पुढे राहिला ही चूक नव्हती. वर-खाली, इकडे-तिकडे काहीच फरक उरला नाही तर हवा फिरणारच नाही. फरक आहे म्हणून ती धावते, आणि धावता धावता तोच फरक पुसत जाते. उष्णता गरमाकडून गाराकडे गेली की आपण होऊन परत फिरत नाही. हवेचे थर एकमेकांना घासतात त्यातही थोडं विस्कटतं. या परत न येणाऱ्या विस्कटण्याला आम्ही एन्ट्रॉपी म्हणतो, ती किती वाढली ते मोजतो, आणि ती कमीत कमी कशी वाढेल याची युक्ती शोधतो. शून्य कधीच होत नाही. विद्यार्थी विचारतात, मग फरक सगळा पुसला गेल्यावर काय होतं? मी सांगते, काही होत नाही. पेटी शांत होते.

आबा शेवटच्या हिवाळ्यात माझ्याकडे होते. माय आधीच गेली होती. एका दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं, मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं. मी म्हटलं, "थोडा ताप शे, आबा. उतरी जाई." त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ हलले.

"खाले देख."

मी पांघरूण सरकवलं आणि त्यांच्या तळपायांना हात लावला. ते गार होते. मग तिथेच पलंगाच्या कडेला बसले आणि दोन्ही पाय माझ्या हातांत धरून ठेवले. दगडूभाऊंची थप्पी, शेठच्या हातातलं साल, मायची माठाजवळची भिंत, मी काय काय बोलत होते. आबा ऐकत होते असं मला वाटतं, एकदा त्यांनी मान हलवली. ऊन खिडकीतून सरकत पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं. थोड्या वेळाने त्यांचे पाय आणि माझे हात सारखेच झाले, आणि कुणाची ऊब कुणाकडे जाते आहे ते मला कळेनासं झालं.